आठ फेनचं माकड आणि निजामाची तिकिटं

चीनच्या टपालखात्याने फेब्रुवारी १९८० मध्ये माकडवर्षाचं तिकीट काढलं. लालभडक पार्श्वभूमीवर काळं, केसाळ माकड, किंमत ८ फेन. चित्र हुआंग योंगयू यांचं. ८० तिकिटांचं अख्खं शीट तेव्हा टपाल कचेरीत ६ युआन ४० फेनला मिळे. तीसेक वर्षांनी त्याच शीटने लिलावात १० लाख युआनचा आकडा ओलांडला.

भिंगाखाली हे तिकीट पाहावं. माकडाच्या केसांच्या रेषा कोरीव ठशातून छापलेल्या आहेत, शाई कागदावर किंचित उठलेली दिसते. साध्या यंत्रावर छापलेल्या नकली तिकिटात हा उठाव येत नाही, म्हणून जाणकार आधी केस पाहतात. पण त्याची किंमत वाढली ती वेगळ्या कारणाने. छपाई जेमतेम ५० लाखांच्या आसपास. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात दडपलेला तिकिटसंग्रहाचा छंद तेव्हा कुठे पुन्हा सुरू होत होता, त्यामुळे बरीचशी तिकिटं पाकिटांना चिकटून गेली. पुढे चिनी मध्यमवर्गाच्या हाती पैसा खेळू लागला आणि प्राणीवर्षांच्या मालिकेतलं हे पहिलं तिकीट प्रत्येकालाच हवंसं झालं.

मग टपालखात्यानेही हात सैल सोडला. नंतरच्या प्राण्यांची छपाई कोटींच्या घरात गेली. १९९७ मध्ये चीनचा तिकीटबाजार फुगला आणि फुटला, कित्येक तिकिटं दर्शनी किमतीच्याही खाली विकली गेली. तरी ५ जानेवारी २०१६ला, नव्वदी ओलांडलेल्या हुआंग यांनीच काढलेलं माकड पुन्हा आलं, तेव्हा रांगा लागल्या! आपल्याकडेही २०१० मध्ये बारा राशींची तिकिटं निघाली. सुंदर आहेत, पण त्यांच्यावर म्हातारपणाची सोय करू पाहणाऱ्याला मी आधीच सावध करीन.

आदिलाबादच्या वाचकाने मात्र चीनकडे पाहता पाहता घरातली ट्रंकही उघडावी. निजामाच्या राज्याचं स्वतःचं टपाल होतं आणि १८६९ पासून स्वतःची तिकिटं होती. १८७१ साली आलेल्या तिकिटावर फारसी, इंग्रजी आणि तेलुगूबरोबर मराठीतही किंमत छापलेली आहे. आपल्या लिपीचा तो मान आपल्याच घरांत फारसा कुणाला ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. निजामाच्या राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात किनवट आणि राजुराही होते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत ते तुटून मराठी मुलखात गेले. बेला, जैनद, नारनूर इकडेच राहिले, तिथे मराठी आजही घराघरात बोलली जाते. निजामी तिकीट चाले ते राज्याच्या हद्दीतच. पैनगंगेपलीकडे वणीला पत्र धाडायचं तर ब्रिटिश हिंदुस्थानचं तिकीट लागे. नदी एक, दोन्ही काठांवर सोयरिकी, पण टपालाची राज्यं दोन.

मग ही तिकिटं महाग का नाहीत? १९३१च्या मालिकेतलं चारमिनारचं एक आण्याचं तिकीट आजही किरकोळ पैशांत मिळतं. ते भरपूर छापलं गेलं, भरपूर वापरलं गेलं आणि पुढे पोरांच्या वह्यांत भरपूर चिकटवलं गेलं. नुसत्या वयाला बाजार पैसे देत नाही. शिवाय माकडामागे चीनच्या घराघरातलं गिऱ्हाईक उभं राहिलं, तसा निजामी तिकिटामागे आदिलाबादचा किंवा मराठवाड्याचा माणूस उभा राहिलेला नाही.

सुटं तिकीट आणि अख्खं पाकीट यांत मात्र फार अंतर आहे. पाकिटावरचा शिक्का गाव आणि तारीख सांगतो. लहान गावातून जाणारं टपाल मुळातच थोडं, त्यातलं टिकलेलं त्याहून थोडं. आत मोडीतलं पत्र असेल तर वाचणारेही आता विरळ. १ एप्रिल १९५० पासून भारतीय तिकिटांनी निजामी तिकिटांची जागा घेतली. त्या बदलाच्या आगेमागे पडलेले शिक्के संग्राहक मुद्दाम शोधतात. म्हणून आजोबांच्या पत्रावरचं तिकीट वाफेवर धरून सोडवू नये आणि कात्रीने कापून घेऊ नये. पावसाळ्यात दमट हवेने डिंक चिकट होतो, तिकिटं एकमेकांना चिकटतात. पाकीट कोरड्या जागी, प्लास्टिकच्या घट्ट पिशवीऐवजी स्वच्छ कागदात ठेवावं आणि विकण्याआधी हैदराबाद किंवा नागपूरच्या जाणत्या संग्राहकाला शिक्क्यासकट दाखवावं.