ओतीव लोखंडाची वाट

कोल्हापूरचें नांव निघालें कीं परगांवच्या माणसाला गूळ, चपला आणि कुस्ती यांची आठवण होते. येथील ओतशाळांची, म्हणजे आपण ज्यांना फौंड्री म्हणतों त्यांची, आठवण फारशी कोणाला होत नाहीं. शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगांव आणि कागलपर्यंत पसरलेल्या या कारखान्यांत मोटारी, ट्रॅक्टर, पंप व तेलइंजिनें यांचे भाग ओतले जातात. तेथें लोखंड कसें वितळतें हें पुष्कळांनीं पाहिलें आहे. परंतु तयार झालेला माल येथून जातो कसा, आणि त्याचें भाडें कशावर ठरतें, याचा विचार क्वचितच होतो. तुमच्यापैकीं कित्येकांचे वडील भट्टीवर कामाला आहेत, आणि कित्येकांचे मालट्रक चालवितात. म्हणून हा विषय आम्हीं मुद्दाम निवडला आहे.

कोल्हापुरास रेल्वे १८९१ सालीं आली, आणि ती येथेंच संपते. हजारों टन एकच माल एकाच जागीं न्यावयाचा असेल तर रेल्वेसारखें साधन नाहीं. परंतु ओतशाळेला आज आठ टन चाकणला, उद्यां पांच टन बेळगांवला, आणि तेंही थेट गिऱ्हाइकाच्या दारांत पोंचवावयाचे असतात. सांचे करण्यासाठीं लागणारी सिलिका वाळू सिंधुदुर्गांतील कासार्डे भागांतून येते. मध्यें सह्याद्रि उभा आहे, आणि त्यावर चढणारे रूळ नाहींत. तेव्हां येणारा व जाणारा बहुतेक माल चाकांवरच.

आतां प्रश्न असा कीं, गाडी भरली असें केव्हां म्हणावें? इचलकरंजीचें कापड घातलें तर हौदा काठोकाठ भरून ताडपत्रीखालीं डोंगर उभा राहतो, तरी वजनाची मर्यादा दूरच असते. बिडाचें, म्हणजे ओतीव लोखंडाचें, तसें नाहीं. तें पाण्याच्या सातपटींहून थोडें अधिक जड. दहा टन बिडाचें घनफळ सुमारें १.४ घनमीटर होतें. हौद्याचा तळ ६ मीटर लांब व २.२ मीटर रुंद धरला, तर तें सबंध तळावर पसरून थर किती जाडीचा होईल, हें गणित पाटीवर करून पाहा; जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटर! प्रत्यक्षांत भाग पोकळ व वेडेवांकडे असतात, म्हणून थप्पी याहून उंच दिसते. तरीही फाळक्यावरून डोकावणाऱ्यास गाडी निम्मी रिकामी वाटते, आणि येथेंच मोह उत्पन्न होतो. चार टायरांच्या एका आंसावर पूर्वीं १०.२ टनांची मर्यादा होती. २०१८ सालीं ती ११.५ टन झाली. मर्यादा वाढली, पण मोह कांहीं कमी झाला नाहीं.

भाडें केवळ अंतरावर ठरत नाहीं. कोल्हापूर ते चाकण अंतर सुमारें अडीचशें किलोमीटर. गाडीला तें दोनदां तोडावें लागतें, परंतु माल पाठविणारा पैसे एकदांच देतो. समजा, जाण्याचा खर्च १०० रुपये धरला, तर रिकामी परत येण्याचा ७० तरी होईल. डीझेल थोडें कमी लागेल, पण टोल तोच आणि चालकाचा भत्ताही तोच. परतीचा माल मिळाला तर हे १७० रुपये दोन गिऱ्हाइकांत वांटले जातात. न मिळाला तर तोटा बहुधा गाडीवाल्याच्या पदरीं पडतो. परतीचा माल शोधून देतो तो दलाल. त्याला नांवें ठेवण्याची आपल्याकडे रीतच आहे. पण आमच्या मतें रिकाम्या गाडीपेक्षां दलाल स्वस्त पडतो.

तथापि सर्वांत महाग गोष्ट हिशेबांत कोठेंच लिहिलेली नसते. ती म्हणजे वाट पाहणें. मोठे मोटार-कारखाने आतां मालाचा सांठा ठेवीत नाहींत. हवा तेवढा माल हव्या त्या वेळीं यावा अशी त्यांची पद्धत आहे. ती हुशारीची खरी. परंतु सांठा त्यामुळें नाहींसा होत नाहीं, तो फाटकाबाहेर गाड्यांच्या रांगेंत उभा राहतो. गाडी उभी असतांना बँकेचा हप्ता, विमा आणि कर हे मात्र थांबत नाहींत. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. मग फाटकावर गेलेले सात तास कोणाच्या हिशेबीं धरावयाचे? ती विश्रांति झाली, असें कोणी म्हणेल. पण दर पाऊण तासानें गाडी दहा पावलें पुढें सरकवावी लागत असेल, तर त्या झोंपेला झोंप म्हणवत नाहीं. चालकाची मिळकत फेऱ्यांवर असली कीं, गेलेला वेळ तो रात्रीं रस्त्यावर भरून काढतो.

त्या रस्त्यावर कात्रजचा नवा बोगदा ओलांडला कीं नवले पुलाकडे लांब उतार लागतो. येथें २० नोव्हेंबर २०२२ रोजीं एका अवजड वाहनाच्या अपघातांत चाळीसांहून अधिक वाहनें सांपडलीं. उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडली कीं डीझेल वांचतें, अशी एक जुनी समजूत आहे. ती चुकीची आहे. गाडी गिअरमध्यें ठेवून ॲक्सिलरेटरवरील पाय काढला, तर आजच्या इंजिनांत डीझेलचा पुरवठा बंद होतो; चाकेंच इंजिनाला फिरवितात आणि इंजिन गाडीला मागें ओढून धरतें. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन चालू राहण्यापुरतें डीझेल जळतच राहतें, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात व त्यांची पकड सुटते. इंजिनच बंद केलें तर ब्रेकला हवा पुरविणारा कॉम्प्रेसरही थांबतो. तुमच्या घरीं गाडी असेल तर ही गोष्ट वडिलांशीं अवश्य बोला.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. हें चांगलें झालें. पण जुन्या गाड्यांना तो नियम नाहीं.

पालकांपैकीं जे कारखानदार आहेत त्यांच्यासाठीं बिल्टीविषयीं दोन शब्द. २००७ चा रस्ता-मालवाहतुकीचा कायदा २०११ सालीं अमलांत आला. त्याप्रमाणें मालाचें वजन व नगांची संख्या यांविषयीं हा कागद प्रथमदर्शनीं पुरावा मानला जातो. त्याच कागदाच्या पाठीवर पहारेकऱ्यानें गाडी आल्याची आणि सुटल्याची वेळ लिहून सही केली, तर हॉल्टिंगचे पैसे मागण्यास आधार राहतो. न लिहिली, तर सकाळीं सातला फाटकाशीं लागलेली गाडी कागदोपत्रीं दुपारीं दोनलाच आलेली असते.