'शॅल' या इंग्रजी सहायक क्रियापदाच्या अर्थच्छटा आणि मराठी नियमलेखन

प्रस्तावना :

इंग्रजीतील 'शॅल' या शब्दाचा परिचय मराठी विद्यार्थ्याला होतो तो भविष्यकाळाची खूण म्हणून. 'आय' आणि 'वुई' यांच्यापुढे 'शॅल', इतर कर्त्यांपुढे 'विल', असा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतला गेला. पुढे हाच विद्यार्थी प्राध्यापक होऊन परिनियम, विनियम आणि सेवाशर्ती वाचू लागतो, तेव्हा तृतीयपुरुषी कर्त्यापुढेही जागोजागी 'शॅल' आढळतो. तेथे तो बहुधा कर्तव्य सांगत असतो, भविष्य नव्हे. हा भेद लक्षात न घेतल्यास नियमाचा अर्थच निसटतो. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या प्रमुख अर्थच्छटांचा आणि त्यांच्या मराठी पर्यायांचा विचार केला आहे.

व्युत्पत्ती आणि व्याकरण :

प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचा मूळ अर्थ 'देणे लागणे' असा होता. त्याच कुळातील जर्मन 'झोलेन' हे क्रियापद आजही कर्तव्यवाचक आहे. मराठी वाचकाला हा अर्थविकास परका वाटू नये. 'तो शंभर रुपये देणे लागतो' आणि 'त्याला जावे लागते' या दोन वाक्यांत ऋण आणि कर्तव्य एकाच क्रियापदाने व्यक्त होते. जे करणे भाग आहे ते पुढे घडेल, या अपेक्षेतून 'शॅल'ला भविष्यार्थ लाभला. जॉन वॉलिस यांनी १६५३ मध्ये लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात पुरुषानुसार 'शॅल' आणि 'विल' यांची विभागणी मांडली. प्रथमपुरुषी 'शॅल' साधे भविष्य दर्शवितो. द्वितीय व तृतीय पुरुषी 'शॅल' मात्र आज्ञा वा वचन दर्शवितो. शालेय अध्यापनात या नियमाचा पूर्वार्ध ठसला, उत्तरार्ध मागे पडला. कायद्याची भाषा उभी आहे ती या उत्तरार्धावर.

कायद्यातील उपयोजन :

कायद्यातही 'शॅल' सर्वत्र एकार्थी नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १ मध्ये भारत हा राज्यांचा संघ असल्याचे सांगताना 'शॅल' योजला आहे. तेथे तो केवळ घोषणा करतो. अनुच्छेद ४४ मध्ये तो राज्यावर प्रयत्नांचे कर्तव्य टाकतो. परंतु अनुच्छेद ३७ नुसार मार्गदर्शक तत्त्वांची न्यायालयामार्फत अंमलबजावणी होऊ शकत नाही. अनुच्छेद ७४ मात्र वेगळा आहे. मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार राष्ट्रपतींनी वागले पाहिजे, हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने 'शॅल' योजून स्पष्ट केले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने त्यास परंतुक जोडले. त्यात सल्ल्याचा फेरविचार करण्यास सांगण्याच्या अधिकारासाठी 'मे' आणि फेरविचारानंतरच्या बंधनासाठी 'शॅल' हे शब्द आले. मुभा आणि बंधन यांतील अंतर येथे एकाच परंतुकात दिसते.

तथापि केवळ शब्दावरून बंधन ठरत नाही. अनुच्छेद ३२० (३) मध्ये शिस्तभंगविषयक बाबींत लोकसेवा आयोगाशी विचारविनिमय करण्याबाबत 'शॅल' आहे. 'उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव' या १९५७ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद अनिवार्य नसून निदेशक असल्याचे म्हटले. काही बाबी विचारविनिमयातून वगळण्याची मुभा संविधानातच आहे आणि आयोगाचा सल्ला शासनावर बंधनकारक नाही, ही त्यामागील कारणे होती. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने हा भेद निर्णायक आहे : तरतूद अनिवार्य असती, तर आयोगाशी विचारविनिमय न करता झालेली कारवाई टिकली नसती.

या संदिग्धतेमुळेच अन्यत्र पर्याय शोधले गेले. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानात कर्तव्यासाठी 'मस्ट' योजला आहे. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांच्या २००७ च्या पुनर्लेखनात 'शॅल' काढून प्रसंगानुरूप 'मस्ट', 'मे' किंवा 'शुड' घालण्यात आले.

मराठी पर्याय :

मराठी विधिअनुवादात 'शॅल'साठी बहुधा भविष्यकाळी रूप आणि 'मे'साठी 'करू शकेल' वा 'करता येईल' अशी रचना येते. 'प्राचार्य सत्रातून दोनदा समितीची बैठक बोलावतील' हे वाक्य सामान्य वाचकाला पुढील कार्यक्रमाची माहिती वाटते. त्यात कर्तव्य आहे हे जाणवत नाही. 'बोलवावी' हे विध्यर्थी रूप कर्तव्याबरोबर इच्छा आणि सूचनाही सुचविते, म्हणून तेही सैल ठरते. 'बोलावली पाहिजे' किंवा 'बोलावणे बंधनकारक राहील' यांत मात्र संदेह उरत नाही. इंग्रजीत एकाच शब्दात दडलेल्या छटा मराठी वेगवेगळ्या रूपांनी उलगडू शकते. हे भाषेचे सामर्थ्य आहे; भविष्यकाळी रूपाच्या सरसकट वापराने ते वाया जाते.

निष्कर्ष :

१. नियमातील 'शॅल' वाचताना तो घोषणा करतो, कर्तव्य सांगतो की केवळ कार्यपद्धती दर्शवितो, हे संदर्भावरून ठरवावे लागते.

२. महाविद्यालयीन समित्यांनी मराठीत नियम लिहिताना 'शॅल'ला ठरावीक प्रतिशब्द न देता कर्तव्यासाठी 'पाहिजे', मुभेसाठी 'करता येईल' आणि व्याख्येसाठी 'म्हणजे' असा विवेक ठेवणे इष्ट ठरेल.

३. कर्तव्य न पाळल्यास काय परिणाम होईल, हेही नियमातच नमूद व्हावे. गुणपत्रिकेची फेरतपासणी मागणारा विद्यार्थी किंवा चौकशीला सामोरा जाणारा शिक्षक यांचा हक्क अनेकदा एका क्रियापदाच्या रूपावर अवलंबून असतो.