कारागिरांच्या संस्थेला देणगी दिली, नंबरही दिला. पुढे त्या नंबरचं काय होतं?

आपल्या माणदेशात घोंगडी विणणारे हात आता मोजकेच राहिलेत. मेंढीची लोकर कातरायची, पिंजायची, सूत काढायचं, चिंचोक्याची खळ लावायची आणि मग मागावर बसायचं. एवढं करून हातात किती पडतं, ते विणणाऱ्यालाच माहीत. म्हणून अशा कारागिरांना लोकर मिळावी, माग दुरुस्त व्हावा, माल विकायला जागा मिळावी यासाठी काही संस्था धडपडतात. जत्रेत, प्रदर्शनात त्यांचं टेबल असतं. आपण शे-पाचशे रुपये देतो, वहीत नाव, गाव, मोबाईल नंबर लिहितो, पावती खिशात घालतो आणि पुढच्या दुकानाकडे वळतो.

पैशाचं काय झालं हे विचारणारे असतात. वहीत लिहिलेल्या नावाचं आणि नंबरचं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं. विचारायला लागलो ते माझ्याच हातून एक चूक झाली म्हणून.

माझ्या हातून काय झालं?

दोन वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमाची बातमी करायला गेलो होतो. टेबलावर देणगीदारांची वही उघडी पडली होती. नाव, गाव, रक्कम, मोबाईल, सगळं एका ओळीत. मला वाटलं, लोकांनी एवढी मदत केली तर त्यांचं नाव झालं पाहिजे. पानाचा फोटो काढला आणि चार-पाच ग्रुपवर टाकून दिला. वर "दानशूरांचे अभिनंदन" असंही लिहिलं.

आठवड्याभरानं आमच्या वस्तीवरच्या एका आबांना फोन आला. समोरचा अगदी गोड बोलत होता. "आबा, तुम्ही घोंगडीवाल्यांना अकराशे रुपये दिलेत ना? त्यावर सरकारची सवलत परत मिळते. मोबाईलवर एक नंबर येईल, तेवढा सांगा." नाव बरोबर, गाव बरोबर, रक्कम बरोबर. आबांचा विश्वास बसला. नातू शेजारीच बसला होता म्हणून ओटीपी सांगायचा राहिला आणि पैसे वाचले.

त्या माणसाला यादी माझ्याच फोटोतून मिळाली का, हे काही सिद्ध झालं नाही. पण तो फोटो मी टाकला होता हे खरं आहे. त्यानंतर आबांनी कुठल्याच पावतीवर नाव लिहायचं बंद केलं. पुढं पुढं देणगी द्यायचंही बंद केलं. यात आबांचं नुकसान झालं नाही, कारागिराचं झालं.

संस्थेला आपली माहिती लागते तरी कशाला?

संस्थेनं नाव-पत्ता विचारला की लगेच संशय घ्यायचं कारण नाही. काही माहिती कायद्यानंच घ्यावी लागते. संस्थेला हिशोब ठेवावा लागतो, त्याचं ऑडिट होतं. देणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवला नाही तर ती देणगी निनावी ठरते आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या निनावी रकमेवर संस्थेला ३० टक्के कर बसू शकतो.

दुसरी गोष्ट आयकर सवलतीची, जिला लोक ८०जी म्हणून ओळखतात. ही सवलत देणाऱ्या संस्थेला देणगीदारांचा तपशील दरवर्षी आयकर विभागाला कळवावा लागतो आणि देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यासाठी पॅनसारखा ओळख क्रमांक लागतो. दोन हजारांच्या वर रोख दिली तर ही सवलत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसतो. ज्याचं उत्पन्न फक्त शेतीचं आहे त्याला या सवलतीचा तसा उपयोगच नाही. कुणी पॅन मागितला तर "कशासाठी?" एवढं विचारायला हरकत नाही.

आता न लागणाऱ्या गोष्टी बघू. पाचशे रुपयांच्या पावतीसाठी आधार कार्डाचा फोटो लागत नाही. जन्मतारीख, जात, बँक पासबुकाचं पहिलं पान, घरात किती माणसं, यातलं काहीच लागत नाही. मोबाईल नंबर पावती पाठवायला उपयोगी पडतो, पण हातात कागदी पावती मिळत असेल तर तोही द्यायलाच पाहिजे असं नाही.

कुठं आधारची प्रत द्यावीच लागली तर 'मास्क्ड आधार' द्या. आधारच्या सरकारी वेबसाईटवरून ते मोबाईलवर उतरवून घेता येतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात.

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं निकाल दिला की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. माहिती गोळा करणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू, असं त्यात ठरलं आहे.

हा कायदा मोठ्या कंपन्यांपुरताच आहे असं समजू नका. लोकांची माहिती मोबाईलमध्ये किंवा कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्या संस्थेलाही तो लागू होतो. नुसत्या कागदी वहीला लागू नाही. पण त्याच वहीतली माहिती कॉम्प्युटरवर चढवली की कायदा लागू झाला.

त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी सोप्या भाषेत अशा:

– माहिती घेताना ती कशासाठी घेतोय हे साध्या शब्दांत सांगायचं. ही सूचना मराठीतून वाचायला मिळण्याची सोय असली पाहिजे.

– पावतीसाठी घेतलेला नंबर जाहिरातीसाठी वापरायचा असेल तर वेगळी संमती घ्यायची. आधीच टिक मारून ठेवलेली संमती चालत नाही.

– संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागं घेणंही सोपं असलं पाहिजे.

– आपली कोणती माहिती त्यांच्याकडे आहे हे विचारता येतं, चूक असेल तर दुरुस्त करून घेता येते, काम संपल्यावर काढून टाका म्हणता येतं.

– माहिती फुटली तर संस्थेनं ती गोष्ट झाकून ठेवायची नाही. ज्यांची माहिती गेली त्यांनाही कळवायचं आणि डेटा संरक्षण मंडळालाही. सुरक्षिततेची काळजी घेतली नाही तर जास्तीत जास्त २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

– मेसेज पाठवायचं, पावत्या छापायचं काम दुसऱ्याला दिलं, म्हणून संस्थेची जबाबदारी संपत नाही. "ते आमच्या पोरानं नाही, छापखान्यानं केलं" हे उत्तर चालत नाही.

यादी एक नसते, दोन असतात

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यावरूनच जास्त वाद होतात. एक यादी हिशोबाची असते. कुणी, कधी, किती दिले याची. ती कायद्यासाठी ठेवावीच लागते, त्यामुळं तुम्ही सांगितलं तरी संस्था ती लगेच पुसू शकत नाही. दुसरी यादी संपर्काची असते. पुढच्या प्रदर्शनाचं निमंत्रण, दिवाळीच्या शुभेच्छा, नवीन मदतीचं आवाहन, हे सगळं त्या यादीवर जातं. त्या यादीत राहायचं का नाही, हे तुमच्या मर्जीवर आहे.

चांगली संस्था या दोन्ही याद्या वेगळ्या ठेवते. हिशोबाच्या यादीला खजिनदार आणि ऑडिटर सोडून कुणी हात लावत नाही. संपर्काच्या यादीतून नाव काढा म्हटलं की काढते.

नाव काढायचं असेल तर भांडत बसू नका, एवढा मेसेज पाठवा: "नमस्कार, मी अमुक तारखेला देणगी दिली होती. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे ते कळवावे. हिशोबाला लागते तेवढी ठेवावी. मेसेजच्या यादीतून माझा नंबर काढावा व काढल्याचे कळवावे." मेसेजचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. तक्रार आधी संस्थेकडेच करायची असते. नियमात उत्तरासाठी जास्तीत जास्त ९० दिवसांची मुदत आहे. तिथं दाद लागली नाही तर पुढं डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येतं.

टेबलावर बघूनच ओळखता येतं

पावतीवर संस्थेचं नाव, पत्ता आणि धर्मादाय कार्यालयाचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का बघा. वही उघडी टाकलेली आहे का, तुमच्या आधीच्या वीस जणांचे नंबर तुम्हाला वाचता येतात का बघा. तुम्हाला त्यांचे दिसतात, तर मागच्याला तुमचे दिसणार. नंबर द्यायचा नसेल तर "राहू द्या" म्हणतात का तोंड वाकडं करतात, तेही बघा.

मुलांच्या बाबतीत जास्त जपा. शाळेतल्या पोरांना विणकाम किंवा मातीकाम शिकवायचे वर्ग होतात, चांगली गोष्ट आहे. पण १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईवडिलांची संमती कायद्यानं मागितली आहे. मुलाच्या फोटोखाली पूर्ण नाव, शाळा आणि गाव लिहून तो ग्रुपवर फिरवायची तर काहीच गरज नसते.

आणि हे नुसतं शहरातल्या संस्थांना लागू नाही बरं का. आपलं मंडळ, आपला बचत गट, यात्रा कमिटी, सगळीकडं वर्गणीची यादी असते. ती कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असते. तो मोबाईल दुरुस्तीला जातो, विकला जातो, पदाधिकारी बदलतात. यादी मात्र तशीच राहते. फलकावर नाव आणि रक्कम लावायची असेल तर विचारून लावा. नंबर कधीच लावू नका.

फोन आलाच तर?

तुमचं नाव, गाव आणि देणगीची रक्कम सांगतो म्हणजे तो संस्थेचा माणूस, असं नाही. पैसे मिळवायला ओटीपी लागत नाही, यूपीआयचा पिनही लागत नाही. मागितला की फोन ठेवा आणि पावतीवरच्या नंबरवर स्वतः फोन करून विचारा. पैसे गेलेच तर लाजू नका, वेळ घालवू नका. १९३० या हेल्पलाईनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढं सरकण्याआधी थांबण्याची शक्यता जास्त.

मी तो फोटो सगळ्या ग्रुपवरून काढायला गेलो तेव्हा उशीर झाला होता. पुढं कुठं कुठं गेला असेल, सांगता येत नाही. आबांकडं जाऊन माफी मागितली. संस्थेच्या लोकांनाही सांगितलं, आणि त्यांनी ऐकलं. यंदा त्यांच्या टेबलावर उघडी वही नव्हती. प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी देत होते. त्यावर नंबरच्या रकान्याखाली छापलं होतं, 'द्यायचा असेल तरच'.

आबांना मीच सोबत घेऊन गेलो होतो. त्यांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, नंबरचा रकाना कोरा ठेवला आणि पाचशेची नोट पुढं केली. टेबलावरच्या पोरीनं काही न विचारता पावती फाडून दिली. आबांनी पावती दोनदा वाचली, मग घडी घालून खिशात ठेवली.