आरतीने खाडी ओलांडली

पुराच्या नदीतून पट्टीचा पोहणारा पलीकडे कसा जातो, ते तुम्ही पाहिले असेल. समोरच्या देवळाकडे बघून तो उडी टाकतो. पण काठाला लागतो कुठे? पार खाली, दुसऱ्याच वाटेवर! नदीचे पात्र असते शंभर हात, पण त्याचे पोहणे होते दोनशे हात. तो हात मारतो पुढे आणि पाणी त्याला ओढते बाजूला.

एवढे ध्यानात ठेवा. आरती साहा या बंगाली मुलीची हकिकत आता सांगायची आहे. त्यात ते कामाला येईल.

इंग्लिश खाडी

इंग्लंड आणि फ्रान्स हे दोन देश शेजारी आहेत. मधे समुद्राचा पट्टा आहे. त्याला इंग्लिश खाडी म्हणतात. जिथे ती सगळ्यात अरुंद आहे, तिथे तिची रुंदी 21 मैल, म्हणजे सुमारे 34 किलोमीटर आहे. हवा स्वच्छ असली तर या काठावरून तो काठ दिसतो.

दिसायला जवळ, पण गाठायला महाकठीण. असे का?

पहिली गोष्ट थंडीची. उन्हाळ्यातसुद्धा हे पाणी आपल्या विहिरीच्या पाण्यापेक्षा कितीतरी गार असते. त्यात तासन् तास राहिले की अंग आखडते, हातपाय चालेनासे होतात. म्हणून त्या काळी पोहणारे अंगाला चरबीसारखे दाट वंगण फासत.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. खाडीचे पाणी साधारण सहा तास एका बाजूला धावते आणि पुढचे सहा तास उलट बाजूला. पोहणाऱ्याला जायचे असते आडवे. पाणी त्याला आधी इकडे ओढते, मग तिकडे ओढते. त्यामुळे 21 मैलांची वाट वाकडीतिकडी होते आणि फार लांबते.

तिसरी गोष्ट नियमांची. बरोबर एक होडी असते. ती वाट दाखवते. होडीतली माणसे पोहणाऱ्याला खायला-प्यायला देतात. पण त्याने होडीला हात लावायचा नाही, कुणाचा आधार घ्यायचा नाही. हात लागला की पोहणे बाद!

ही खाडी 1875 साली पहिल्यांदा मॅथ्यू वेब या इंग्रजाने पोहून पार केली. गर्ट्रूड एडर्ली ही अमेरिकेची मुलगी 1926 साली पार गेली. ती पहिली स्त्री. मग 1958 साली आपला मिहिर सेन पार गेला. तो पहिला भारतीय. पण तोवर आशिया खंडातल्या एकाही बाईला हे साधले नव्हते.

गंगेच्या घाटावरची मुलगी

आरतीचा जन्म 24 सप्टेंबर 1940 चा, कलकत्त्याचा. बाप साधा नोकरदार. आरती अडीच वर्षांची असतानाच आई वारली. आजीने तिला वाढवले.

चार वर्षांची आरती काकाबरोबर घाटावर आंघोळीला जायची. तिथेच ती पोहायला शिकली. पोरीची आवड बापाने हेरली आणि तिला पोहण्याच्या मंडळात घातले. पाच वर्षांची असताना तिने शर्यतीत पहिला नंबर मिळवला. पुढे तिला कितीतरी बक्षिसे मिळाली. 1952 साली हेलसिंकी शहरात ऑलिंपिक सामने झाले. भारताकडून चार मुली तिकडे गेल्या. त्यांत आरती होती. वय किती? अवघे अकरा!

मग तिने खाडी पोहायचा ध्यास घेतला. पण विलायतेला जायचे तर पैसा हवा. साध्या नोकरदाराच्या घरात तो कुठून येणार? लोक पुढे आले. बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनीही मदत केली. इकडे आरती तळ्यात तासन् तास पोहण्याचा सराव करीत होती. जुलै 1959 मध्ये ती इंग्लंडला निघाली.

चाळीस मिनिटे

त्या वर्षी 27 ऑगस्टला खाडी पोहण्याची मोठी शर्यत होती. 23 देशांचे 58 जण त्यात होते. त्यांत बाया फक्त पाच.

शर्यत रात्री एक वाजता फ्रान्सच्या किनाऱ्यावरून सुटायची होती. पण आरतीबरोबर जायची होडीच वेळेवर आली नाही! होडीशिवाय पाण्यात उतरता येत नव्हते. चाळीस मिनिटे अशीच गेली. पाण्याची चांगली वेळ हातची निघून गेली.

तरी आरती पोहली. सकाळी अकरा वाजेपर्यंत इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर आला. आणि पाणी उलटले. समोरून ओढ आली. दुपारी चारपर्यंत आरती हात मारीत राहिली. तेवढ्या वेळात ती जेमतेम दोन मैल सरकली. अखेर होडीवाल्याने तिला थांबायला लावले.

वाफसा गेल्यावर पेरणी केली तर काय होते, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. बैल तेच, बी तेच, कष्टही तेच. पण वेळ चुकली की पीक हाताला लागत नाही. आरतीचेही तसेच झाले. तिचे बळ कमी पडले नव्हते.

पुन्हा एकदा

आता काय करायचे? लोकांच्या पैशावर आलेली मुलगी हात हलवीत घरी कशी जाणार? आरती तिथेच राहिली. पुन्हा सरावाला लागली.

24 सप्टेंबरला तिला एकोणीस वर्षे पुरी झाली. पाच दिवसांनी, 29 सप्टेंबर 1959 ला, सकाळी सहाच्या सुमारास ती पुन्हा फ्रान्सच्या किनाऱ्यावरून पाण्यात शिरली. दिवस उगवला, दिवस मावळला. आरती पोहतच होती. रात्री दहा वाजून गेल्यावर तिचे पाय इंग्लंडच्या वाळूला लागले. तिने तिथे तिरंगा उभारला.

16 तास 20 मिनिटे लागली. 21 मैलांच्या खाडीत तिचे पोहणे झाले 42 मैल! पुराच्या नदीची गोष्ट आठवली ना?

खाडी पोहून जाणारी ती आशियातली पहिली स्त्री ठरली. 1960 साली सरकारने तिला पद्मश्री दिली. पुढे तिने लग्न केले, संसार केला, रेल्वेत नोकरी केली. 23 ऑगस्ट 1994 रोजी काविळीने ती वारली. 1999 साली तिच्या चित्राचे टपालाचे तिकीट निघाले.

त्या दोन खेपांत फक्त तेहेतीस दिवसांचे अंतर होते. पहिल्या खेपेनंतर आरती घरी परतली असती, तर दोष होडीचाच म्हटला असता. ते खरेही होते. पण होडीला दोष देऊन किनारा जवळ येत नाही. आरतीने पुढच्या वेळेची तयारी केली, म्हणून ती पार गेली.