आदिमानवाचा आहार आणि आपलें वजन

वजन उतरविण्याचे जे मार्ग हल्लीं सुचविले जातात, त्यांत ‘आदिमानवाचा आहार’ हा विशेष गाजत आहे. अमेरिकेंत १९८५ सालीं ईटन व कॉनर यांनीं अश्मयुगीन आहारावर निबंध लिहिला. २००२ मध्यें लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकानें ही कल्पना सर्वतोमुखीं केली. तिचा मथितार्थ असा कीं, शेतीला दहा-बारा हजार वर्षेंच झालीं; त्यापूर्वीं मनुष्य लाखों वर्षें शिकार, फळें व कंद यांवर जगला; तेव्हां धान्य, डाळी, दूध व साखर हीं वर्ज्य करावीं.

या मतास आधार म्हणून एक प्रयोग सांगतात, तो खराच उद्बोधक आहे. गांवांत राहून मधुमेही झालेले ऑस्ट्रेलियाचे दहा आदिवासी सात आठवडे आपल्या मूळ रानांत जाऊन राहिले. कांगारू, मासे, कंद, अंजिरें व रानमध हें त्यांचें अन्न. १९८४ सालीं केरिन ओडी यांनीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तांताप्रमाणें त्यांचें वजन सरासरी आठ किलो उतरलें व रक्तांतील साखरही पुष्कळ कमी झाली.

परंतु हें कशामुळें झालें? रानांत त्यांस दिवसाकाठीं सुमारें १२०० उष्मांकच मिळत होते. साखर, मैदा व मद्य हीं सुटलीं होतीं. आणि अन्नासाठीं स्वतः हिंडावें लागत होतें. हे फेरफार कोणत्याही आहाराबरोबर केले तरी वजन उतरेल.

शिवाय आदिमानव धान्य खातच नव्हता, हेंही खरें नाहीं. इस्रायलमधील ओहालो येथें २३,००० वर्षांपूर्वींच्या वस्तींत रानटी जवाचे दाणे सांपडले आहेत. जॉर्डनमध्यें शेतीपूर्वींच्या, १४,००० वर्षांहून जुन्या, भाकरीचे करपलेले तुकडे मिळाले आहेत.

आपल्या शाकाहारी घरांत डाळ व दूध काढून टाकल्यास प्रथिनें आणावयाचीं कोठून? आणि एकत्र कुटुंबांत एकासाठीं निराळा स्वयंपाक मांडला, तर त्याचा भार गृहिणीवरच पडतो. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचें अन्न न खाण्याची आपली चाल आहे; त्या दिवशीं अळू, सुरण, माठ, भोपळा यांची भाजी सर्व घर आवडीनें खातें. ती भाजी वरचेवर होऊं द्यावी. पण तेवढ्यासाठीं ज्वारीची भाकरी व वरण यांस घराबाहेर काढण्याचें कारण नाहीं.

आमचें सांगणें इतकेंच: साखर, मैदा व तळण सर्वांच्याच ताटांतून कमी करावें, भात बेतानें वाढावा व रोज पायीं चालावें. मधुमेहाचें औषध चालूं असेल त्यानें मात्र आहारांत मोठा बदल डॉक्टरांस विचारूनच करावा. कारण अन्न एकाएकीं कमी झालें व औषध तितकेंच राहिलें, तर रक्तांतील साखर धोकादायक खालीं जाऊं शकते.