भर उन्हातला धंदा आणि कातडीचा हिशेब

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जुनी अवजारे, नळाच्या तोट्या, भांडी जमिनीवर मांडून विक्रेते तासन् तास उन्हात बसतात. मंडईभोवतीच्या हातगाडीवाल्यांचेही तेच. भाडे, हप्ता, मालाची घट यांचा हिशेब आपण व्यापारी चोख ठेवतो. उन्हाने होणारी शरीराची झीज मात्र कोणत्याच वहीत चढत नाही.

पुण्यात मेच्या मध्यास आणि जुलैअखेर भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. सूर्यकिरणांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्येच कर्करोगकारक ठरविले. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२३ च्या अंदाजानुसार, उन्हात काम केल्याने झालेल्या त्वचेच्या कर्करोगाने २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १९ हजार माणसे दगावली. मेलॅनोमा हा प्रकार यात धरलेला नाही.

घाबरण्याचे कारण नाही. सावळ्या कातडीतले मेलॅनिन किरण अडविते, म्हणून गोऱ्या लोकांच्या मानाने हा रोग आपल्याकडे पुष्कळच कमी. पण कमी म्हणजे मुळीच नाही, असे नव्हे. शिवाय वांग, अकाली सुरकुत्या आणि डोळ्यांतला मोतीबिंदू यांनाही ऊन हातभार लावते.

उपाय खर्चिक नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडू लागली की ऊन प्रखर झाले, असे समजावे. घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी किंवा मानेवर येणारा रुमाल आणि जाड ताडपत्री एवढे पुरते. विरलेले पांढरे कापड गार वाटते, पण किरण अडवीत नाही. महिना-दीड महिना न भरणारी जखम, वाढती गाठ, रंग बदलणारा तीळ किंवा भाजल्याच्या जुन्या व्रणावर नव्याने झालेले क्षत दिसल्यास मलमे चोळीत बसू नये. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो, तेथे दाखवावे.

एक गोष्ट मात्र एकट्याने होणारी नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावे लागतात. आमची सूचना अशी की, जागा आणि परवान्याच्या मागणीबरोबर या प्रतिनिधींनी सावलीची मागणीही मांडावी. विक्रेता टिकला तरच धंदा टिकेल.