रोजची २६ लाख टरफलं

अंड्याचं टरफल तळहातावर ठेवलं तर त्याचं वजन जाणवतही नाही. जेमतेम ५-६ ग्रॅम, जाडी मिलिमीटरचा एक तृतीयांश. तेवढ्यातच हवा आत-बाहेर जाण्यासाठी साधारण १० हजार सूक्ष्म छिद्रं असतात. ते घडवायला कोंबडीला सुमारे २० तास लागतात, भुर्जीवाल्याला फोडायला एक सेकंद.

आता मुंबईच्या उपनगरात अशी किती टरफलं निघतात, याचा हिशेब मांडू. २०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या होती ९३,५६,९६२. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२३-२४मध्ये देशात १४,२७७ कोटी अंडी निघाली, म्हणजे माणशी १०३. घाटकोपर-मुलुंडला अंडं दाराशीही येऊ न देणारी घरं आहेत आणि अंधेरी-बोरिवलीला रोज चार-सहा अंडी रिचवणारे जिमवालेही. म्हणून देशाची सरासरीच धरू. वर्षाला ९६ कोटी, दिवसाला २६ लाख अंडी!

एका दिवसाची ही अंडी एकापुढे एक मांडली तर रांग १४० किलोमीटरच्या पुढे जाईल. म्हणजे चर्चगेटहून विरारला जाऊन परत, आणि वर पुन्हा अंधेरीपर्यंत. वर्षभराची रांग विषुववृत्ताला सव्वा वेढा घालेल. एका दिवसाच्या टरफलांतली छिद्रं मोजली तर जगातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला तीन येतील.

वजनात मोजू. टरफल ५ ग्रॅमचंच धरलं तरी रोज १३ टन, वर्षाला ४,८०० टन. त्यातला सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे रासायनिकदृष्ट्या चुनखडीच. रोज ५ टन शुद्ध कॅल्शियम आपण ओल्या कचऱ्यात टाकतो. प्रौढ माणसाची दिवसाची गरज १ ग्रॅम, म्हणजे हा ५० लाख लोकांचा खुराक झाला. अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज ४ ग्रॅम लागतं. त्या हिशेबाने साडेबारा लाख कोंबड्यांची सोय! टरफलं नीट तापवून, जंतू मारून, दळली की खाद्यात घालता येतात. बारीक भुकटी आम्लयुक्त जमिनीला चालते. आतला पापुद्रा वेगळा काढला तर कोलॅजन मिळतं. भट्टीत भाजून चुनाही करता येतो, पण त्यात ४४ टक्के वजन कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातं. भाजण्यापेक्षा दळणं बरं.

मग हे होत का नाही? कारण १३ टनांचा हा ढीग कुठे दिसतच नाही. मुंबईच्या रोजच्या ६,००० टनांहून अधिक कचऱ्यात तो पाव टक्काही भरत नाही. चार माणसांच्या घरात वर्षभरात जमतात फक्त २ किलो टरफलं. एक टन हवा असेल तर ५०० घरांची वर्षभराची टरफलं वेगळी गोळा करावी लागतील. टेम्पोच्या डिझेलचाही खर्च निघणार नाही.

जपानची क्यूपी ही मेयोनीजवाली कंपनी वर्षाला सुमारे २८,००० टन टरफलं हाताळते. आपल्या अख्ख्या उपनगराच्या जवळपास सहापट! तिने १९५६पासूनच ती शेतकऱ्यांना माती सुधारण्यासाठी विकायला सुरुवात केली. तिचं काम सोपं झालं, कारण तिची अंडी कारखान्यातच फुटतात.

आपल्याकडे कारखान्याचं काम स्टेशनबाहेरच्या गाड्या करतात. समजा, एका भुर्जीच्या गाडीवर रात्रीत १० ट्रे लागतात. ट्रेमध्ये ३० अंडी, म्हणजे ३०० टरफलं, दीड किलो. वर्षाला साडेपाच क्विंटल. एक गाडी म्हणजे अडीचशेहून अधिक घरं! गाड्या, बेकऱ्या, ऑम्लेट-पाववाले आणि हॉटेलं मिळून अशी हजार ठिकाणं धरली, तर रोज दीड टन माल हाती येतो, उपनगराच्या एकूण टरफलांचा नववा हिस्सा. तेवढाच घरांतून काढायचा तर अडीच लाखांहून जास्त दारांची बेल वाजवावी लागेल. सुरुवात कुठून करायची, हे आकड्यांनीच ठरवून टाकलंय.